दिव्यांग अपत्यासाठी घर ठेवताना

‘आमच्या माघारी याचे कसे होणार?’ हा प्रश्न घेऊन आईवडील धर्मगुरूंकडे येतात, तेव्हा बोलणे बहुधा राहत्या घरापाशी येऊन थांबते. नातेपुते येथील साध्या कुटुंबासाठी ते घर म्हणजे आयुष्यभराची कमाई. ते दिव्यांग मुलाच्या नावे केले तर त्याचे अनुदान बंद पडेल, या भीतीने काही पालक ते धडधाकट भावाच्या नावे करून मोकळे होतात. भाऊ सांभाळील, असा विश्वास असतो. परंतु त्या विश्वासाची नोंद कोणत्याच उताऱ्यावर होत नाही, आणि पुढे भावाचे कर्ज, भावाचा मृत्यू किंवा केवळ घरातील बेबनाव एवढेही त्या मुलाला बेघर करण्यास पुरेसे ठरते.

प्रथम अनुदानाविषयी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात. त्यापूर्वी १,५०० मिळत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न या मुख्य अटी आहेत. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये ठेवण्यात आली आहे. राहते घर हे उत्पन्न नव्हे. मात्र त्याच घराच्या दोन खोल्या ४,५०० रुपये भाड्याने दिल्या, तर वर्षाला ५४,००० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. म्हणून खोल्या भाड्याने देण्याचा बेत असेल, तर आधी माळशिरसच्या तहसील कार्यालयात चौकशी करावी.

मृत्युपत्र केलेच नाही तर काय होते? आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. घर वडिलांच्या नावे असेल आणि मागे पत्नी व तीन मुले असतील, तर पत्नीला एकतृतीयांश आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, दोन-नवमांश वाटा मिळतो. दिव्यांग मुलाचा वाटाही तितकाच. परंतु व्यवहार समजण्याची क्षमता त्याच्याकडे नसेल, तर त्याने हक्कसोडपत्रावर उमटविलेल्या अंगठ्याला कायद्यात किंमत नाही.

माझ्या मते लहान घरासाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे मृत्युपत्राने दिव्यांग अपत्याला हयातभर राहण्याचा हक्क देणे आणि त्याच्या पश्चात घर सांभाळणाऱ्या भावंडाला मिळेल असे लिहिणे. सांभाळणाऱ्यालाही त्यात आपले काही दिसते, हे व्यवहारी शहाणपण झाले. मालमत्ता मोठी असेल, तर १८८२च्या कायद्यानुसार खाजगी विश्वस्त निधी करता येतो. पण चार भिंतींसाठी तो खटाटोप कशाला?

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असल्यास अपत्य १८ वर्षांचे झाल्यावर आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकाची नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते. सोलापूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, हे खरे. तरी हे काम आपल्या हयातीत उरकावे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत अपत्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हा धाक उपयोगी पडतो.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून घेतलेली बरी. त्यासाठी मुद्रांक शुल्क लागत नाही. २००२पासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रोबेटही सक्तीचे नाही. दोन बाबतींत मात्र आपली माणसे फसतात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याची ती देणगी रद्द होते; तेव्हा घर मिळणाऱ्या भावाला किंवा वहिनीला साक्षीला बसवू नये. आणि विधुर पित्याने किंवा विधवा मातेने पुनर्विवाह केला, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. ते नव्याने लिहावे लागते.