राजा, पार्लमेंट आणि रुपेरी पडदा : ‘क्रॉमवेल’ चित्रपटाचा ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

ऐतिहासिक चित्रपटाचा विचार करण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक, त्यातील चुकांची यादी करून तो निकालात काढावयाचा. दुसरी, ‘हे तर नाटक आहे’ असे म्हणून इतिहासाचा प्रश्नच सोडून द्यावयाचा. दोन्ही रीतींनी अभ्यासकाच्या पदरात फारसे पडत नाही. चित्रपटकाराने इतिहासाला कोठे, कोणत्या दिशेने आणि कोणत्या गरजेपोटी मुरड घातली हे पाहिले, तर मात्र चित्रपट आणि इतिहास या दोहोंवरही प्रकाश पडतो. या दृष्टीने केन ह्यूज यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या ‘क्रॉमवेल’ (१९७०) या इंग्रजी चित्रपटाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ मध्ये पेटलेले यादवी युद्ध हा त्याचा विषय. क्रॉमवेलची भूमिका रिचर्ड हॅरिस यांनी आणि राजाची ॲलेक गिनेस यांनी केली आहे. वेशभूषेसाठी या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.

२. कलहाचे मूळ

पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून १६४० पर्यंत, म्हणजे सुमारे अकरा वर्षे, पार्लमेंट न बोलावता राज्य केले. करास पार्लमेंटची संमती लागते, हा इंग्लंडचा जुना संकेत होता. तो टाळण्यासाठी आरमाराच्या खर्चाच्या निमित्ताने बंदरांकडून घेतली जाणारी जहाजपट्टी राजाने देशाच्या अंतर्भागातही लागू केली. जॉन हॅम्पडेनने ती देण्याचे नाकारले. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने व पाचांनी विरुद्ध मत दिले. राजा खटला जिंकला, परंतु त्याचे नैतिक बळ खचले. त्यात धर्माचा प्रश्न मिसळला. स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापद्धती लादण्याच्या प्रयत्नातून युद्ध उद्भवले, युद्धास पैसा हवा, आणि पैशासाठी पार्लमेंट बोलावणे प्राप्त झाले. १६४० च्या नोव्हेंबरात भरलेल्या या पार्लमेंटनेच राजाशी संघर्ष मांडला.

ही पार्श्वभूमी चित्रपट थोडक्यात, पण समजेल अशा रीतीने मांडतो. त्याचा रोख मात्र आरंभापासूनच एका व्यक्तीवर आहे.

३. फेरफारांची दिशा

चित्रपटातील प्रमुख फेरफार एकापुढे एक ठेवून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा सशस्त्र लोकांसह कॉमन्स सभेत शिरला, तो पाच सभासदांना पकडण्यासाठी. पिम, हॅम्पडेन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड ही त्यांची नावे. चित्रपटात या पाचांमध्ये क्रॉमवेल आहे. वस्तुतः तो त्या वेळी मागच्या बाकावरील एक सामान्य सभासद होता. १४ जून १६४५ रोजी झालेल्या नेझबीच्या लढाईत पार्लमेंटच्या सैन्याचा सेनापती सर टॉमस फेअरफॅक्स होता आणि क्रॉमवेल घोडदळाचा प्रमुख होता. चित्रपटात हा विजय मुख्यतः क्रॉमवेलचा ठरतो. त्याचे सैन्यही राजाच्या सैन्यापुढे मूठभर दाखविले आहे. प्रत्यक्षात स्थिती उलट होती : पार्लमेंटपाशी सुमारे १४ हजार माणसे होती, तर राजापाशी सुमारे ९ ते १० हजार. क्रॉमवेलचा ऑलिव्हर नावाचा पुत्र १६४४ मध्ये देवीच्या साथीने वारला. चित्रपटात तो रणांगणावर पडतो.

हे सर्व फेरफार एकाच दिशेचे आहेत. जे अनेकांनी मिळून केले ते एकाच्या खात्यावर जमा होते. नाटकाला नायक हवा असतो आणि नायकाचे धैर्य उठून दिसावे म्हणून शत्रू बलाढ्य हवा असतो. हे नाट्यशास्त्राला मान्यच आहे. तथापि या यादवीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात एक राजा आणि एक वीर एवढेच पक्ष नव्हते. कॉमन्स सभा, लॉर्ड्स सभा, लंडन शहर, स्कॉटलंड आणि १६४५ मध्ये उभारलेले नवे सैन्य, असे अनेक पक्ष परस्परांशी कधी जुळत, कधी फाटत होते. ते सारे एका नायकात विरघळले की कलहाचा गाभाच दृष्टीआड होतो.

४. अध्यक्षाचे उत्तर

४ जानेवारीचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण होय. राजा अध्यक्षाच्या आसनापाशी गेला, तेव्हा ते पाचही सभासद पूर्वसूचना मिळाल्यामुळे निघून गेले होते. ते कोठे आहेत असे त्याने अध्यक्ष विल्यम लेन्थॉलला विचारले. लेन्थॉल गुडघे टेकून नम्रपणे म्हणाला की, या ठिकाणी सभा आज्ञा देईल तेवढेच पाहण्यास व बोलण्यास मी समर्थ आहे, कारण मी तिचा सेवक आहे. लेन्थॉल हा काही शूर म्हणून प्रसिद्ध नव्हता. म्हणूनच त्या उत्तराचे महत्त्व अधिक : ते एका धाडसी पुरुषाचे उद्गार नसून एका संस्थेचे उद्गार होते. त्यानंतर इंग्लंडच्या कोणत्याही राजाने कॉमन्स सभेच्या बैठकीत पाऊल टाकलेले नाही.

या प्रसंगाशी आपलाही संबंध आहे. भारतीय संविधानाच्या १०५ व्या आणि १९४ व्या अनुच्छेदांनी संसदेचे व राज्य विधानमंडळांचे विशेषाधिकार ठरविताना मूळ मजकुरात ब्रिटिश कॉमन्स सभेच्या विशेषाधिकारांचाच आधार घेतला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो नामनिर्देश गळाला. पण त्या अधिकारांचा उगम बदलला नाही. चित्रपटात या क्षणी प्रेक्षकाची दृष्टी आसनावर निर्भयपणे बसून राहिलेल्या नायकाकडे वळते. इतिहासात ती गुडघे टेकलेल्या अध्यक्षाकडे वळावयास हवी.

५. राजाचा प्रश्न

चित्रपटाचा सर्वांत समर्थ भाग राजाच्या अभियोगाचा आहे. गिनेस यांनी रंगविलेला चार्ल्स हट्टी, शब्दाचा कच्चा, किंचित अडखळत बोलणारा, तरीही आपल्या पदाच्या पावित्र्यावर मनःपूर्वक श्रद्धा असलेला आहे. २० जानेवारी १६४९ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तो न्यायासनापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने आरोपाचे उत्तर देण्याचे नाकारले आणि उलट विचारले, ‘मला येथे कोणत्या अधिकाराने आणले आहे?’ त्याच्या युक्तिवादाचे सार असे की, कायद्यावाचून केवळ बळाने राजाचा न्याय करता येत असेल, तर कोणताही सामान्य प्रजाजन सुरक्षित राहणार नाही.

हा प्रश्न किती धारदार होता हे कळण्यास त्याआधीचे दोन महिने पाहिले पाहिजेत. ५ डिसेंबर १६४८ रोजी कॉमन्स सभेने राजाशी तडजोडीची बोलणी पुढे चालू ठेवण्याचे बहुमताने ठरविले. दुसऱ्याच दिवशी कर्नल प्राइडने सभेच्या दारात सैनिक उभे करून सुमारे ४५ सभासदांना अटक केली आणि त्याहून कितीतरी अधिकांना आत जाण्यास मज्जाव केला. उरलेल्या सभेने अभियोगाचा ठराव केला. लॉर्ड्स सभेने तो फेटाळला. तेव्हा ४ जानेवारी १६४९ रोजी कॉमन्स सभेने जाहीर केले की, ईश्वराखालोखाल प्रजा हेच सर्व न्याय्य सत्तेचे मूळ आहे आणि प्रजेचे प्रतिनिधी म्हणून एकटी कॉमन्स सभा कायदा करू शकते. राजाने त्या सभागृहात सशस्त्र प्रवेश केल्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती. लोकसत्तेचे इतके निःसंदिग्ध तत्त्व त्या सभेने उच्चारले, पण तलवारीने गाळून उरलेल्या सभासदांच्या मुखातून! न्यायासनावर १३५ जण नेमले होते. त्यांतील अनेक फिरकलेच नाहीत, फेअरफॅक्स पहिल्या बैठकीनंतर आला नाही, आणि मृत्युपत्रावर ५९ सह्या झाल्या. ३० जानेवारीस राजाचा शिरच्छेद झाला.

चित्रपटाने राजाचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. परंतु त्याचा पुढचा भाग मात्र बिघडविला. राजाचा मंत्री एडवर्ड हाइड त्याच्याविरुद्ध साक्ष देताना दाखविला आहे. वस्तुतः हाइडने १६४६ मध्येच इंग्लंड सोडले होते आणि तो अखेरपर्यंत राजनिष्ठ राहिला. ही साक्ष घालण्याचे कारण उघड आहे. सैन्य आणि पार्लमेंट यांतील झगडा गौण ठरविल्यावर ‘कोणत्या अधिकाराने?’ या प्रश्नास उत्तर उरत नाही. म्हणून राजाचा विश्वासघातकीपणा सिद्ध करूनच प्रेक्षकाचे समाधान करावे लागते. राजा दोषी होता, हे त्याच्या न्यायाधीशांच्या अधिकाराबद्दलचे उत्तर नव्हे.

६. गाळलेली पाने

चित्रपटाच्या अखेरीस क्रॉमवेल राजमुकुट नाकारतो, भ्रष्ट पार्लमेंट सैनिकांकरवी बरखास्त करतो आणि रिकाम्या सभागृहात राष्ट्राच्या भवितव्याविषयी बोलतो. प्रत्यक्षात पार्लमेंट बरखास्त झाले २० एप्रिल १६५३ रोजी. क्रॉमवेल संरक्षक-शासक झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आणि मुकुट देऊ केला गेला १६५७ मध्ये. क्रम उलटल्यामुळे निरिच्छ पुरुषाने नाइलाजाने सत्ता घेतली असा ग्रह होतो.

त्याहून मोठी उणीव आयर्लंडची. १६४९ च्या सप्टेंबरात ड्रॉहेडा येथे आणि ऑक्टोबरात वेक्सफर्ड येथे क्रॉमवेलच्या सैन्याने केलेल्या कत्तलीत हजारो माणसे बळी पडली. आयरिश लोकस्मृतीत त्याचे नाव आजही शापासारखे उच्चारले जाते. चित्रपटात या मोहिमेला स्थान नाही. नायकाची भूमिका करणारे हॅरिस हे स्वतः आयर्लंडमधील लिमरिकचे, आणि त्या शहराने १६५१ मध्ये क्रॉमवेलचा जामात आयर्टन याचा वेढा सोसला होता, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे.

७. समारोप

क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ रोजी निवर्तला. १६६० मध्ये राजपद परत आले आणि ३० जानेवारी १६६१ रोजी, चार्ल्सच्या शिरच्छेदाच्याच तिथीस, त्याचे उकरून काढलेले प्रेत टांगण्यात आले. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील वादाचा निर्णय त्यातही झाला नाही. तो १६८९ च्या अधिकारसनदेपर्यंत लांबला, आणि त्या वेळी तो कोणा वीराच्या तलवारीने नव्हे, तर लेखी मर्यादांनी झाला.

‘क्रॉमवेल’ पाहताना विद्यार्थ्याने हे सूत्र मनात ठेवावे. राजाने सभागृहात सैनिक आणले तेव्हा चित्रपट आपणास संतप्त करतो. नायकाने आणले तेव्हा तो आपली सहानुभूती मागतो. दोन्ही वेळा दार तेच होते. हा भेद आपण कोणत्या आधारावर मान्य करतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. चार्ल्सचा प्रश्न चार्ल्सबरोबर संपला नाही. सत्ता ज्याच्या हाती असेल त्याला तो विचारावाच लागतो, मग तो आपल्या पक्षाचा का असेना.