सारख्या पेशी, वेगळे आजार!

खेळताना गुडघा दुखावला, तर चार दिवसांत ठणका थांबतो. पण मार लागलेला नसतानाही दुखणं आठवडेच्या आठवडे हटत नाही, रात्री झोपमोड होते, सूज हाताला लागते, तर? बहुधा कारण साधंच निघतं. क्वचित मात्र त्यामागे 'युइंग सार्कोमा' नावाचा हाडाचा कर्करोग असतो. हा रोग फार दुर्मीळ, पण होतो तो बहुतेक १० ते २० या वयात. अमेरिकेतल्या डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला मिळालं.

गाठीचा लहानसा तुकडा काढून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की छोट्या, गोल, निळ्या पेशी दिसतात. अडचण अशी, की इतर काही कर्करोगांच्या पेशीही अगदी अशाच दिसतात! एकाच गणवेशातली मुलं लांबून ओळखायची कशी? आणि ओळखायला तर हवंच, कारण प्रत्येक रोगाचे उपचार वेगळे.

मग पेशीच्या आत डोकवावं लागतं. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांवरची जनुकं म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या पाककृतीच जणू. समजा, पुस्तकाची दोन पानं फाटली आणि चुकीची चिकटवली गेली. वर लाडवाची कृती, खाली लोणच्याची! इथं तसंच होतं. ११व्या आणि २२व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल होते. २२व्यावरचं 'ईडब्ल्यूएसआर-१' जनुक ११व्यावरच्या 'एफएलआय-१' जनुकाला जोडलं जातं. या भेसळ कृतीतून तयार झालेलं प्रथिन पेशीला 'वाढत राहा' असा हुकूम सोडतं. पॅरिसच्या क्युरी संस्थेतील ऑलिव्हिए देलात्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हा जोड उलगडला.

तो शोधण्याच्या एका तपासणीचं नाव आहे 'फिश'. माशाशी तिचा काही संबंध नाही हं! तिच्यात ईडब्ल्यूएसआर-१ जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा चमकता रंग लावतात. जनुक धड असेल तर दोन्ही ठिपके शेजारी-शेजारी, तुटलं असेल तर लांब लांब! पण हे जनुक दुसऱ्याही काही गाठींत तुटतं. म्हणून ते कोणाला जाऊन चिकटलं, तेही वाचून पाहतात. काही गाठींत तर 'सीआयसी' किंवा 'बीकॉर' अशी निराळीच जनुकं बिघडलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली त्या गाठी युइंगपासून वेगळ्या नोंदवल्या.

नेमकं नाव कळलं, की केमोथेरपी, शस्त्रक्रिया, किरणोपचार यांची आखणी करता येते. रोग पसरण्याआधी सापडला आणि पुरे उपचार मिळाले, तर बरं होण्याची आशा पुष्कळ असते.

आणि एक लक्षात ठेवा. जनुकांचा हा चुकीचा जोड जन्मानंतर त्या एका पेशीत होतो. तो आईबाबांकडून येत नाही, शेजारी बसल्यानं लागत नाही. तेव्हा असा मित्र वर्गात असेल, तर त्याला खेळात घ्या, त्याच्याशी गप्पा मारा. आणि स्वतःचं दुखणं हटत नसेल, तर 'सामना चुकेल' म्हणून लपवू नका. पालकहो, तुम्हीही 'वाढीचं वय आहे, दुखणारच' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना जरूर दाखवा!