संगणक रुसला तर...

बालदोस्तांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बेलापूरजवळच्या आमच्या शाळेत चौथीचा वर्ग आपला वार्षिक अंक तयार करत होता. कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी आजीच्या सुक्या मासळीवर निबंध टाइप करत होती. दीड पान झालं आणि वर्ड हँग! माऊस ढिम्म हलेना. घाबरून तिनं बटण दाबून संगणक बंद केला. पुन्हा चालू केला, तर वर्ड उघडताच परत अडकलं. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, ''बाई, मी मोडला का हो संगणक?''

तिनं काही मोडलं नव्हतं. मग चुकलं कुठं? आम्ही सगळे मिळून गुप्तहेर झालो. गुप्तहेराचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट तपासायची. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खरा चोर कधीच सापडत नाही.

आधी वर्ड सोडून दुसरे प्रोग्रॅम उघडले. चित्रं काढायचा पेंट चालला, कॅल्क्युलेटरही चालला. म्हणजे संगणक धडधाकट होता, दुखणं एकट्या वर्डचं होतं. मग कंट्रोलची कळ दाबून धरून वर्ड उघडलं. असं केलं की वर्ड 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे बाहेरून जोडलेल्या गोष्टी बाजूला ठेवून सुरू होतं. आणि काय आश्चर्य, ते छान चाललं! म्हणजे चोर त्या जोडलेल्या गोष्टींमध्येच लपला होता. त्यांना ऍड-इन म्हणतात. दुसरे प्रोग्रॅम आपली छोटी शेपूट वर्डला जोडून ठेवतात, तीच ही.

ऑप्शन्समध्ये जाऊन आम्ही सगळे ऍड-इन बंद केले आणि वर्ड नेहमीसारखं उघडलं. डाव्या बाजूला एक चौकट आली. तिच्यात निबंधाचं एक पान सुखरूप होतं! वर्ड सहसा दर १० मिनिटांनी आपणहून एक प्रत राखून ठेवतं, तीच ही. ती लगेच सेव्ह केली. मग एकेक ऍड-इन चालू करून पाहिला. तिसरा चालू केला आणि वर्ड पुन्हा हँग. सापडला चोर!

कधी कधी चोर फाइलमधूनही येतो. १९९५ मध्ये 'कॉन्सेप्ट' नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलींमधून पसरला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला. फाइल उघडली की तो पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना आपणहून ईमेल पाठवायचा. अशा व्हायरसना पकडणारे प्रोग्रॅम आपल्या पुण्यातही तयार झाले. कैलास काटकर यांचं तिथं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढे 'क्विक हील' झाला. तेव्हा अनोळखी फाइल आली आणि 'मॅक्रो चालू करू का?' असं विचारलं, तर सरळ 'नाही' म्हणा.

आता एवढं लक्षात ठेवा. संगणक अडकला की मिनिटभर थांबा, कधी कधी तो नुसता दमलेला असतो. तरीही हलला नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडा आणि अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करा. मुख्य बटण अगदी शेवटी. पडद्यावर इंग्रजीत काही संदेश आला असेल, तर तो वहीत उतरवून घ्या. दुरुस्ती करणाऱ्या काकांना तोच उपयोगी पडतो. आणि दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस दाबायला विसरू नका.

पालकांनाही एक विनंती. संगणक बंद पडला की आधी मुलांवर ओरडू नका. ''तू काय दाबलंस?'' असं विचारण्यापेक्षा ''काय झालं ते सांग बघू,'' असं विचारा. घाबरलेलं मूल खरं सांगत नाही, आणि खरं कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

आमच्या मुलीनं उरलेलं अर्धं पान पुन्हा लिहिलं. आजीच्या गोष्टी या वेळी जरा जास्तच आठवल्या. निबंध दोन पानांचा झाला!