नर्सिंगच्या जॉब फॉर्ममध्ये ‘मानसिक आजार झाला होता का?’ विचारलंय? सबमिट दाबण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात कोपरगावहून मावसबहिणीने व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. तिचं जीएनएम झालंय, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही झालंय. शिर्डी, लोणी, नाशिक, जिथे स्टाफ नर्सची जागा दिसेल तिथे ती अर्ज टाकते. एका हॉस्पिटलच्या गुगल फॉर्ममध्ये प्रश्न होता: ‘तुम्हाला कधी मानसिक आजार झाला होता का? होय / नाही’. पुढे लाल स्टार, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय फॉर्म जाणारच नाही. सेकंड इयरला तिने सहा महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या होत्या.

“दादा, ‘नाही’ टिक करू का?”

मी ‘कर’ असं टाइप पण केलं होतं. मग फॉर्मच्या तळाशी बघितलं. माहिती खोटी निघाल्यास नोकरी रद्द, असं डिक्लेरेशन होतं. म्हणजे ती ‘नाही’ तिच्याच सहीने तिच्याविरुद्ध जमा झाली असती.

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात हाच फरक केला. तो निकाल पोलीस केस लपवण्याबद्दल होता, पण माप इथेही कामाचं आहे: दिलेली माहिती खरी हवी, आणि जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक. न विचारलेलं स्वतःहून रेझ्युमेत लिहायची गरज नाही.

उत्तर नेमकं जातं कुठे?

गुगल फॉर्ममध्ये सबमिट दाबलं की तुमचं उत्तर फॉर्म बनवणाऱ्याकडे जातं, आणि बहुतेक जण ते शीटमध्ये उघडतात. एक ओळ तुमची: नाव, मोबाईल, आणि त्याच ओळीत ‘होय’. ती शीट रिसेप्शनवर उघडी आहे की कुणी एक्सेल करून ग्रुपवर टाकली, तुम्हाला कळत नाही. मालकाने परवानगी ठेवली नसेल तर उत्तर बदलताही येत नाही. आणि कोपरगावसारख्या गावात त्या रिसेप्शनवर आपल्याच ओळखीचं कुणीतरी असतं, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरला सांगितलेली गोष्ट आणि शीटमधली ओळ, दोन्ही एकच माहिती. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिच्यावर उपचार करणाऱ्यांना गोपनीयतेचं बंधन आहे. शीट बघणाऱ्या क्लार्कला तेवढी जाणीव असेलच असं नाही.

काही प्रश्न विचारायचेच नसतात

एलआयसीच्या एका फॉर्ममध्ये स्त्रियांना मासिक पाळी आणि गर्भारपणाबद्दल विचारायचे. नीरा माथूर यांना माहिती लपवली म्हणून कामावरून काढलं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असे रकाने काढून टाकायला सांगितलं. पण त्यासाठी त्यांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, हे विसरू नका.

एचआयव्हीबद्दल कायदा जास्त स्पष्ट आहे. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टात ‘एमएक्स’ या टोपणनावाने एक मजूर लढला. माणूस काम करू शकत असेल आणि इतरांना मोठा धोका नसेल, तर फक्त एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची अट घालायलाच बंदी केली.

मग तिने काय केलं?

फॉर्म अर्धवट सोडला. हॉस्पिटलला फोन केला आणि सरळ विचारलं, “हे उत्तर कोण बघतं? मेडिकल हिस्ट्री मी फिटनेसच्या वेळी तुमच्या डॉक्टरांनाच सांगितली तर चालेल का?” समोरचा जरा गोंधळला, मग म्हणाला, रेझ्युमे ईमेल करा. सगळीकडे असं होईल याची गॅरंटी नाही. एखादं हॉस्पिटल ‘फॉर्म भरा नाहीतर राहू द्या’ म्हणेल. तेव्हा खरं लिहायचं की अर्ज सोडायचा, हे तिलाच ठरवावं लागेल. माझं मत, खोटं मात्र लिहू नये. आता कुठलाही त्रास नाही, उपचार पूर्ण झालेत, हेही डॉक्टरांना सांगता येतं.

ईमेलमध्ये तिने मार्कशीटच्या गुगल ड्राइव्ह फोल्डरची लिंक टाकली होती, ‘लिंक असलेला कोणीही’ या सेटिंगवर. पाठवायच्या आधी मी फोल्डर उघडून बघितला. मार्कशीट, आधार, आणि खाली मानसोपचार तज्ज्ञाच्या चिठ्ठीचा फोटो. तो आधी काढला. आधारच्या जागी मास्क्ड आधार टाकलं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.