काळाचेही तुकडे

लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची महत्ता सुमारे ६.२ होती, पण सुमारे दहा हजार माणसे दगावली. इतक्या प्राणहानीचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. दगडमातीच्या जाड भिंतींना आतला व बाहेरचा असे दोन थर असत. मधल्या जागेत गोटे व माती भरलेली असे, आणि वर माळवदाचे जड ओझे. हादऱ्याने हे थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगल्या आणि माळवदे कोसळली.

अशी भिंत कोठे व केव्हा फुटेल, हे गणिताने आधी सांगता येईल का? न्यूटनचा दुसरा नियम तुम्हाला ठाऊक आहे. परंतु सबंध भिंतीला एकच त्वरण नसते. पायथा हलतो तेव्हा माथा जडत्वामुळे मागे राहतो. म्हणून भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येकाची समीकरणे मांडायची आणि तुकडे जेथे मिळतात तेथे ती जुळवून संगणकाकडून सोडवून घ्यायची. हीच परिमित घटक पद्धती. हे नाव अमेरिकन अभियंते रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले.

जागेचे तुकडे झाले, काळाचे काय? नेहमीच्या रीतीत काळ पायरीपायरीने पुढे नेतात आणि साऱ्या घरासाठी पायरी एकच असते. यांपैकी अनेक रीतींत अशी अट असते, की एका पायरीच्या अवधीत लहरीने सर्वांत लहान तुकडाही ओलांडून जाता कामा नये. समजा, तुकडा १० सेंटिमीटरचा आणि लहरीचा वेग सेकंदाला १,००० मीटर आहे. मग पायरी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून मोठी चालणार नाही. म्हणजे १० सेकंदांच्या हादऱ्यासाठी एक लाख पायऱ्या! एका कोपऱ्यात बारीक तुकडे पाडले, की सगळ्या घराला तितक्याच बारीक पावलांनी चालावे लागते.

यावर एक युक्ती आहे. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एस. टी. चा आलेख काढा: आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर काळ. आलेखकागदावरील एक चौकोन म्हणजे रस्त्याचा थोडा भाग आणि थोडा वेळ, दोन्ही एकत्र. असा चौकोन म्हणजेच अवकाश-काल घटक. सगळे चौकोन सारखे असण्याची गरज नाही. गाडी थांबते व सुटते तेथे ते बारीक ठेवा, ती एकसारख्या वेगाने धावते तेथे मोठे. तसेच भिंतीत जेथे व जेव्हा ताण झपाट्याने बदलतो तेथे बारीक घटक, इतरत्र मोठे. आर्गिरिस व शार्फ, फ्रीड आणि ओडेन यांनी १९६९ मध्ये या पद्धतीचा पाया घातला.

ही सोय फुकट मिळत नाही. काळ घटकातच आल्याने एकाच वेळी सोडवायच्या अज्ञात संख्या वाढतात. शिवाय मातीची पकड किती, हे संगणकाला आपणच सांगावे लागते. ते चुकले तर बिनचूक गणितही चुकीचेच उत्तर देईल.

उत्तराचा उपयोग मात्र अगदी साधा आहे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड भिंतीत कोठे बसवावेत, हे त्यावरून ठरवता येते. भिंत सुटण्यास काही क्षण पुरतात. ते क्षण कागदावर बारकाईने पाहता आले, तर घर उभे राहू शकते.