टीममधलं माणूस अचानक आजारी पडलं किंवा गेलं, तर? छोट्या उद्योजकाने काय करावं



बिझनेस प्लॅन लिहिताना आपण भांडवल लिहितो, मशीनची किंमत लिहितो, भाडं, लाईट बिल, मार्जिन, मार्केटिंग सगळं लिहितो. एक प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच लिहीत नाही. आपल्या पाच-सहा माणसांपैकी एक उद्या अचानक आजारी पडलं, किंवा गेलंच, तर काय करायचं?

"शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून आपण हा विषय टाळतो. पण दोनशे माणसांच्या कंपनीत एक जण कमी झाला तर एचआर बघून घेतं. तुमच्याकडे सहा माणसं असतील तर एचआर तुम्हीच, अकाउंट्स तुम्हीच आणि दवाखान्यात धावणारेही तुम्हीच. शिवाय ही सहा माणसं दुपारचा डबा एकत्र खातात. कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाच्या सासूचं ऑपरेशन झालंय, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे अशा वेळी काम अडतं आणि मनंही हलतात. दोन्हीकडे बघावं लागतं, आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात.

आज एक उदाहरण धरून टप्प्याटप्प्याने बघू. समजा, तुमचं फराळाचं छोटं युनिट आहे. पाच ताई आणि एक मावशी, वय ५२. भाजणी मावशींच्या हातची. सकाळी दहा वाजता चकली पाडता पाडता मावशींच्या हातातून सोऱ्या सुटतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, बोलणं जड होतं.

१. पहिला तास

तोंड वाकडं होणं, एक हात वर न उचलणं, बोबडं बोलणं. यातलं एकही अचानक दिसलं तर तो लकवा असू शकतो. "जरा पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात देऊ नका, कारण गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन करावा लागतो. म्हणून जवळच्या सिटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलचं नाव तुम्हाला आजच माहीत पाहिजे.

छातीत दुखून घाम फुटला तरी "अॅसिडिटी असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा, ईसीजी होऊ द्या.

एक जण सोबत जाईल, एक जण घरच्यांना फोन करेल, एक जण गॅस बंद करून बाकीच्यांना सांभाळेल. हे आधी ठरलेलं असलं की गोंधळ निम्मा होतो.

हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट भरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेत बसणारे उपचार कॅशलेस मिळतात. रेशन कार्ड आणि आधार लागतं. ते घरात कुठे ठेवलंय हे घरच्यांना फोनवरच विचारून घ्या.

२. आजारपणाचे दिवस: पगाराचं स्पष्ट बोला

दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या मनात आजाराइतकाच मोठा दुसरा प्रश्न असतो, "माझ्या पगाराचं काय? माझी जागा राहील का?" तो प्रश्न तो विचारत नाही. तुम्ही "काळजी करू नका हो" म्हणून निघून येता, आणि काळजी तिथेच राहते.

त्यापेक्षा आकड्यात सांगा. "मावशी, पहिला महिना पूर्ण पगार मिळेल. दुसरा महिना अर्धा. त्यानंतर आपण बसून बोलू. तुमची जागा तीन महिने तुमचीच आहे." तुमची ऐपत याच्या निम्मी असेल तर निम्मं सांगा, पण जे सांगाल ते झेपणारं असू द्या. भावनेच्या भरात सहा महिन्यांचा शब्द द्यायचा आणि दुसऱ्या महिन्यात फोन उचलायचा नाही, असं होता कामा नये.

पैसे देताना ते *उचल* आहेत की *मदत*, हे त्याच वेळी सांगा आणि वहीत तसंच लिहा. तुम्ही उचल म्हणून दिलेले पैसे घरच्यांनी मदत समजून घेतले, आणि चार महिन्यांनी पगारातून कापायला लागलात, की दहा वर्षांचं नातं तुटतं.

आणखी दोन गोष्टी. आजाराची माहिती टीमला किती द्यायची, हे घरच्यांना विचारून ठरवा. सलाईन लावलेला फोटो ग्रुपवर टाकू नका. भेटायला सगळ्यांनी एकदम जाऊ नका, पाळीने जा आणि दहा मिनिटांत उठा.

३. माणूस गेलं, तर पहिला दिवस

बातमी टीमला समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगा. ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" वाचून कळलं असं कुणाचं होऊ नये. सुट्टीवर असलेल्यांना वेगळा फोन करा.

त्या दिवशी काम बंद. शटरवर "दुःखद निधनामुळे बंद राहील" ही पाटी आपल्याकडे कुणालाही समजते. गिऱ्हाईक त्यावरून रागावत नाही. गिऱ्हाईक रागावतं ते न सांगितल्यामुळे. म्हणून त्याच दिवशी अर्धा तास काढून सगळ्या ऑर्डरचे तीन ढीग करा:

- पुढे ढकलता येतील अशा: फोन करून नवी तारीख द्या.
- ढकलता येणार नाहीत अशा: उद्या कुणाचं डोहाळजेवण आहे, परवा गणपती बसतोय. ही ऑर्डर ओळखीच्या दुसऱ्या उद्योजकाकडे द्या. त्यातलं मार्जिन त्यालाच जाऊ द्या.
- रद्द कराव्या लागतील अशा: अॅडव्हान्स त्याच दिवशी परत करा.

मेसेज साधा ठेवा: "नमस्कार. आमच्या किचनमधल्या ज्येष्ठ सहकारी मावशींचं काल निधन झालं. आज आणि उद्या काम बंद आहे. तुमची ऑर्डर शुक्रवारऐवजी रविवारी देऊ शकू. चालणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, अॅडव्हान्स आजच परत करते." बस. आजार कोणता, कसं झालं, हे गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही.

घरी तुम्ही स्वतः जा. तिथे किल्ल्या, डबे, राहिलेला हिशोब यातलं काहीही काढू नका. त्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारपाजारचे आणि नातेवाईक आणतात. एका वेळचं पिठलं-भाकरी तुमच्या युनिटमधून गेलं तर ते हारापेक्षा जास्त उपयोगी पडतं. टीममधल्या कुणाला दहाव्याला जायचं असेल, किंवा मुस्लिम सहकाऱ्याच्या घरी दफनविधीला थांबायचं असेल, तर ती रजा कापू नका.

४. हिशोब, जो कुणी मागणार नाही

घरचे लाजेने पैशाचं काढत नाहीत, आणि आपण "आत्ता कसं बोलायचं" म्हणून थांबतो. त्यात महिने जातात. तेराव्यानंतरच्या आठवड्यात स्वतःहून पाकीट घेऊन जा. आत एक चिठ्ठी ठेवा: इतक्या दिवसांचा पगार, इतका ओव्हरटाइम, बोनसचा इतका भाग, एकूण इतके. कुणाच्या हातात दिले ते लिहून सही घ्या, म्हणजे उद्या दोन भावांत वाद झाला तरी तुम्ही मध्ये येणार नाही.

तुमच्या युनिटमध्ये भिशी चालत असेल तर ती विसरू नका. मावशींचा नंबर लागायचा असेल तर त्यांनी भरलेले पैसे घरी पोचले पाहिजेत. नंबर लागून गेला असेल आणि हप्ते बाकी असतील, तर ते कोण भरणार हे भिशीतल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं. मावशींच्या सुनेला व्हॉट्सअॅपवर "हप्ता बाकी आहे" असा मेसेज जाता कामा नये. उचल बाकी असेल तर ती सोडायची की नाही हा तुमचा निर्णय, पण त्याची वाच्यता दुःखाच्या घरात नको.

घरच्यांना एक काम आवर्जून सांगा: पासबुक बघा. मे-जूनच्या आसपास ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद दिसली, तर त्या माणसाचा विमा असू शकतो. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. लगेच बँकेत जाऊन क्लेमचा फॉर्म मागायचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्यायच्या. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे तोच लागतो.

५. रिकामी जागा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काम सुरू होतं. खुंटीवर मावशींचा अॅप्रन तसाच असतो. तो कुणीतरी घाईने उचलून टाकला तर बाकीच्यांना टोचतं, आणि महिनाभर लटकत राहिला तरी टोचतं. टीमलाच विचारा. ग्रुपमधून नंबर लगेच काढू नका. तो फोन आता बहुतेक लेकीच्या हातात असेल.

कुणी तळता तळता रडेल. कुणी चौथ्या दिवशी एखाद्या गोष्टीवर हसेल आणि मग गप्प होईल, आपण हसलो याचंच तिला वाईट वाटेल. कुणी काहीच न बोलता दुप्पट काम करेल. तिघींनाही दुःख झालेलं आहे. "आता पुरे, कामाला लागा" म्हणू नका. पण एक गोष्ट मालक म्हणून बघावीच लागते: लक्ष नसलेला हात उकळत्या तेलाजवळ किंवा चालू मशीनजवळ नको. ज्या ताई जास्त हलल्यात त्यांना आठवडाभर पॅकिंगला बसवा.

महिना-दीड महिना झाला तरी कुणाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर तुमच्यासाठीही आहे. सगळ्यांना सांभाळताना तुम्हाला कुणी विचारलेलंच नसतं.

नवीन बाई घ्याल तेव्हा "मावशींसारखी भाजणी कर" असं म्हणू नका. तिला तिचा हात बसू द्या.

६. हे सगळं होण्याआधी

मावशींच्या भाजणीचं प्रमाण कुठे लिहिलेलं होतं? कुठेच नाही. ते त्यांच्या ओंजळीत होतं. प्रत्येक छोट्या धंद्यात अशी एक ओंजळ असते: कुणाला मशीनचा आवाज कळतो, कुणाला उधारी तोंडपाठ असते. माणूस धडधाकट असताना त्याच्या शेजारी बसा, वजनकाटा ठेवा, वहीत लिहा आणि पानावर त्याचं नाव घाला. आपलं नाव आलेलं बघून माणूस खूश होऊन सांगतो.

आता विमा:

- १० पेक्षा कमी माणसं: प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. मात्र पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही मिळून माणशी ४५६. पाच ताईंचे वर्षाला २,२८० रुपये तुम्ही भरलेत तर एका मोठ्या ऑर्डरच्या नफ्यात बसतं.
- वय बघा: जीवन ज्योतीत १८ ते ५० या वयातच नाव घालता येतं, पुढे ५५ पर्यंत चालू राहतं. आपल्या ५२ वर्षांच्या मावशींनी पन्नाशीच्या आत नाव घातलं असतं तर त्यांना संरक्षण असतं. आता नव्याने मिळत नाही. तुमच्या टीममध्ये ४८-४९ चं कुणी असेल तर याच महिन्यात बँकेत घेऊन जा. सुरक्षा विमा ७० पर्यंत चालतो.
- १० किंवा जास्त माणसं: साधारणपणे ईएसआयसी लागू होतं. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. ठरलेले दिवस हप्ता गेलेला असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते, कुटुंबाचे उपचारही होतात. ग्रॅच्युइटी लागू असेल तर मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नसते.
- २० किंवा जास्त: पीएफ आला, आणि त्यासोबत ७ लाखांपर्यंतचा विमाही. कामगाराला त्याचा वेगळा हप्ता नसतो.

या शनिवारी पगार वाटताना एवढं करा

एक वही घ्या. प्रत्येकाला एक पान. घरच्या दोघांचे फोन नंबर, रक्तगट, चालू असलेली औषधं, विमा आहे का, बँकेत नॉमिनी कोण. शेवटच्या ओळीत लिहा: या माणसाचं काम दुसऱ्या कुणाला येतं? ती ओळ रिकामी राहिली तर सोमवारी तिथूनच सुरुवात करा.

आणि पहिलं पान स्वतःचं भरा. बँकेचे व्यवहार, गिऱ्हाइकांची यादी, कच्च्या मालाची उधारी हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात असेल, तर तुम्ही पंधरा दिवस दवाखान्यात पडल्यावर बाकीच्या पाच घरांचा पगार कोण काढणार?