मूल 'डोळ्यांनी शिकणारे' की 'कानांनी'?

'डॉक्टर, आमच्या मुलाच्या ऐकलेले काही लक्षात राहत नाही. तो डोळ्यांनी शिकणारा आहे, असे शिकवणीच्या सरांनी सांगितले. खरे का?' असा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. या कल्पनेमागची हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

नील फ्लेमिंग हे न्यूझीलंडमधील शिक्षणतज्ज्ञ. शाळा निरीक्षक असताना त्यांना एक कोडे पडले. उत्तम शिक्षकांच्या वर्गातही काही मुले मागे राहतात आणि सुमार शिक्षकांकडेही काही चांगली शिकतात, हे कसे? पुढे लिंकन विद्यापीठात असताना त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि १९९२ मध्ये कॉलीन मिल्स यांच्यासह त्यावर लेख लिहिला. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून, असे शिकण्याचे चार मार्ग त्यांनी मांडले. हा आवडीचा भाग आहे, कुवतीचा नव्हे, असे फ्लेमिंग स्वतः सांगत. लोकांनी मात्र मुलांवर शिक्केच मारले.

२००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर व इतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावरचे संशोधन तपासले. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्यास ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. शिवाय नकाशा सर्वांनाच पाहावा लागतो आणि उच्चार सर्वांनाच ऐकावे लागतात.

मग अभ्यास कसा करावा? रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पाहा. उतारा वाचून तो पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

माझी खरी काळजी निराळीच आहे. अशा शिक्क्याआड कधीकधी आजार दडून राहतो. ऐकून न शिकणाऱ्या मुलाच्या कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी साचलेले असू शकते. फळ्यावरचे न उतरवणाऱ्याला चष्म्याची गरज असू शकते. हुशार असूनही अक्षरे जुळवताना अडखळणाऱ्याला डिस्लेक्सिया असू शकतो.

म्हणून मूल मागे पडत असेल तर आधी डोळे व कान तपासून घ्या. ते ठीक असूनही वाचन-लेखनाची अडचण राहिली, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्या. आणि रोज रात्री पुस्तक मिटून मुलाला एवढेच विचारा, 'आज काय शिकलास, सांग बरं!'